‘ह्वाना इनेस’ सिरियल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मेक्सिकन सिरियल बघितली की लोकांना साधारण तेच तेच प्रश्न पडतात, आणि ते मला मेसेजमधून येत राहतात, म्हणून सगळे एका जागी टाकतेय. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा किचकट. आधीच सांगते, इथं स्पॉयलर भरपूर आहेत, पण बाईला जाऊन सव्वातीनशे वर्षं झालीत, त्यामुळे ती शेवटी मरते हे सांगितलं तर चालेल असं धरून चालतेय.

१. ही सिरियल नक्की कुणावर आहे?

सोर ह्वाना इनेस दे ला क्रूझ. सोर म्हणजे सिस्टर. सतराव्या शतकातली मेक्सिकोतली नन, कवयित्री, नाटककार आणि तिच्या काळातली स्पॅनिश भाषेतली फार मोठी लेखिका. स्पेलिंग बघून ‘जुआना’ म्हणू नका, ह्वाना. तिकडं ती शाळेच्या पुस्तकात असते, नोटेवर असते, आपण मात्र बहुतेक जण तिला पहिल्यांदा या सिरियलमुळेच भेटतो.

२. एपिसोड किती, कुणी काढली आणि कुठल्या भाषेत बघायची?

सातच एपिसोड, एका वीकेंडला संपते. मेक्सिकोच्या कानाल ओन्से या सरकारी चॅनेलवर २०१६ मध्ये आली, नंतर नेटफ्लिक्सनं घेतली. दिग्दर्शिका पात्रिसिया आरिआगा होर्दान. तुमच्याकडं दिसते का ते नाव टाकून सर्च करा, कॅटलॉग सारखा बदलतो. आणि प्लीज स्पॅनिशमध्येच बघा, सबटायटल लावून. मधे मधे तिच्या कविता येतात आणि त्या कानावर पडायलाच पाहिजेत, डब केल्यावर त्यातली लय जाते.

३. मधेच हिरोईन बदलली का? मला वाटलं मी एपिसोड स्किप केला.

नाही, स्किप नाही केला. तरुण ह्वाना आरान्त्सा रुईझनं केलीय आणि मोठी झालेली आर्सेलिया रामीरेझनं. दोघी दिसायला फारशा सारख्या नाहीत हे खरंय, पहिली दहा मिनिटं जड जातात. पण मला स्वतःला आर्सेलियाच जास्त आवडली, कारण ती गप्प बसलेली असताना पण डोक्यात काहीतरी चालू आहे असं वाटतं, आणि या बाईच्या रोलला तेच लागतं.

४. हे स्पेन आहे की मेक्सिको? आणि आपल्याकडं तेव्हा काय चालू होतं?

मेक्सिको, पण तेव्हा त्याचं नाव ‘न्यू स्पेन’, स्पेनच्या राजाचा मुलुख. माद्रिदहून व्हाइसरॉय यायचा, काही वर्षं राज्य करायचा, परत जायचा. हे नीट लक्षात ठेवा कारण ह्वानाच्या आयुष्यातले चढउतार बरेचसे या बदल्यांवर चालतात. आवडता व्हाइसरॉय आला की दिवस चांगले, गेला की विरोधकांना रान मोकळं.

काळ म्हणाल तर अगदी शिवाजी महाराजांचा. महाराजांचा जन्म १६३० चा, तिचा १६४८ चा (किंवा १६५१ चा, त्याचा घोळ प्रश्न १३ मध्ये). रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ ला, तेव्हा ही मठात जाऊन पाच वर्षं झाली होती. ती गेली १६९५ ला, राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा.

५. राजवाड्यात एवढे लाड होत होते तर नन का झाली? प्रेमभंग वगैरे?

प्रेमभंगाची थिअरी खूप जुनी आहे आणि तिला पुरावा काहीही नाही. तिनं स्वतः कारण लिहून ठेवलंय आणि ते इतकं सरळ आहे की लोकांना पटतच नाही. लग्न करायची तिला अजिबात इच्छा नव्हती, आणि एकटं राहून अभ्यास करायचा तर बाईसाठी मठ ही त्यातल्या त्यात बरी जागा होती. बस.

तिची परिस्थिती पण बघा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. आई इसाबेल रामीरेझ, लिहिता वाचता न येणारी, पण पानोआयानची शेतीवाडी एकटीनं चालवणारी. वडील स्पेनहून आलेले, ते चित्रात जवळपास नाहीतच. म्हणजे मुलगी हुशार, देखणी, व्हाइसरॉयच्या बायकोची लाडकी, पण मागं पैसा नाही की घराण्याचं नाव नाही. अशा मुलीला युनिव्हर्सिटीत प्रवेश नाही, आणि लग्न केलं तर पोरं आणि घर.

१६६७ ला ती आधी कार्मेलाइट नन्सच्या मठात गेली, तिथले नियम फार कडक, तीन महिन्यांत बाहेर. मग १६६९ च्या फेब्रुवारीत सान हेरोनिमोच्या मठात शपथ घेतली आणि मरेपर्यंत तिथंच राहिली. मठात जायला पण हुंडा लागायचा बरं का, तीन हजार पेसो, तो एका श्रीमंत ओळखीच्यानं भरला.

६. नन आहे तर तिच्याकडं एवढी पुस्तकं, वाद्यं, नोकर, पाहुणे कसे? हे सिरियलवाल्यांनी वाढवून दाखवलंय ना?

नाही, उलट हा भाग बराचसा खरा आहे. आपल्या डोक्यात नन म्हटलं की मदर तेरेसांची साडी येते. सान हेरोनिमोमध्ये नन्सची ‘सेल’ म्हणजे कोठडी नव्हे तर छोटं घरच असायचं, विकत घेता यायचं, त्यात स्वयंपाकघर, मदतनीस बायका. बाहेर पडता यायचं नाही हे मात्र पक्कं, एकदा आत गेलं की मेल्यावरसुद्धा तिथंच पुरायचे. पाहुणे भेटीच्या खोलीत यायचे, मधे जाळी, आणि त्या जाळीपाशी अख्ख्या शहरातले विद्वान, कवी, दरबारी लोक येऊन गप्पा मारायचे.

पुस्तकं चार हजार होती असं तिचा पहिला चरित्रकार, फादर कायेखा, सांगतो. आकडा फुगवलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, पण तिच्याकडं मोठा संग्रह होता याबद्दल वाद नाही.

नोकर हा शब्द जरा गोड आहे, खरं सांगायचं तर तिच्या सेवेला एक गुलाम मुलगी होती, आईनं दिलेली. नाव तिचंही ह्वाना, ह्वाना दे सान होसे. १६८४ ला सोर ह्वानानं तिला आपल्या बहिणीला विकलं, त्याचे कागद आहेत. बायकांच्या हक्काबद्दल इतकं लिहिणारी बाई आणि हे पण, दोन्ही तिचंच आहे.

आणि एक गोष्ट जी सिरियलमध्ये हवी तेवढी येत नाही, ती म्हणजे तिची कामं. ती नऊ वर्षं मठाची हिशेबनीस होती. चर्चच्या सणांसाठी गाणी लिहून द्यायची, दरबारातल्या वाढदिवसांना कविता, नाटकं, सगळं ऑर्डरवर, आणि त्याचे पैसे किंवा भेटी मिळायच्या. १६८० ला नवीन व्हाइसरॉय आला तेव्हा कॅथेड्रलसमोर जी स्वागत कमान उभारली तिची सगळी कल्पना आणि मजकूर हिचा. म्हणजे पडद्यावर ती खिडकीतून बघत उसासे टाकते तसं कमी आणि डेडलाइन सांभाळत जास्त.

७. गळ्याखाली ती थाळीएवढी गोल गोष्ट काय असते?

त्याला एस्कुदो दे मोंखा म्हणतात, नन्सचा बिल्ला म्हणा. त्यावर धार्मिक चित्र रंगवलेलं असतं, न्यू स्पेनच्या मठांची ती खास फॅशन. ह्वानाच्या चित्रात त्यावर देवदूत मारियाला (येशूच्या आईला) येशूच्या जन्माची बातमी सांगतोय तो प्रसंग दिसतो. तिचं सगळ्यात फेमस चित्र, टेबलाशी बसलेली आणि मागं पुस्तकांची कपाटं, ते मिगेल काब्रेरानं १७५० च्या आसपास काढलं, म्हणजे ती जाऊन अर्धशतक उलटल्यावर. त्यामुळे ‘ॲक्ट्रेस खऱ्या ह्वानासारखी दिसत नाही’ ही तक्रार जरा जपून करा.

८. चीज न खाणं, केस कापणं, चाळीस विद्वानांची परीक्षा, हे खरं झालेलं का?

दरबारात चाळीस विद्वानांनी तिची परीक्षा घेतली ही गोष्ट कायेखा सांगतो आणि म्हणतो की मला व्हाइसरॉय मान्सेरानं स्वतः सांगितली. छोट्या होड्यांनी घेरलेलं राजाचं मोठं जहाज जसं त्यांना परतवतं तशी ती पोरगी सगळ्यांना उत्तरं देत होती, हे म्हणे मान्सेराचं वर्णन. काहीतरी घडलं असणार, चाळीसच होते का ते कोण मोजणार.

बाकीचं सगळं तिच्या स्वतःच्या एका लांबलचक पत्रातून येतं, १ मार्च १६९१ चं. तीन वर्षांची असताना बहिणीच्या मागं मागं शाळेत गेली आणि बाईंना थाप मारली की आईनं मला पण शिकवायला सांगितलंय. चीज खाल्लं की माणूस मठ्ठ होतो असं ऐकलं म्हणून चीज सोडलं. मला मुलाचे कपडे घालून युनिव्हर्सिटीत पाठव म्हणून आईच्या मागं लागली. लॅटिन शिकताना स्वतःला मुदत घालायची, तेवढ्यात ठरवलेलं पाठ झालं नाही तर केस कापायची, कारण रिकाम्या डोक्यावर केसांची सजावट कशाला.

यातला माझा सगळ्यात लाडका किस्सा स्वयंपाकघरातला. एका मदर सुपीरियरनं तिला अभ्यास बंद करायला लावला, साधारण तीन महिने. ती म्हणते, पुस्तक हातात घेतलं नाही पण अभ्यास काही थांबेना. अंडं तुपात नाहीतर तेलात घातलं की घट्ट होतं आणि पाकात घातलं की फुटतं, का बरं? पोरी भोवरा फिरवत होत्या तर खाली पीठ भुरभुरवून त्याची रेघ कशी उमटते ते बघत बसली. आणि मग लिहिते की ॲरिस्टॉटलनं स्वयंपाक केला असता तर त्यानं अजून बरंच लिहिलं असतं. ३३० वर्षांपूर्वी, बिशपला पाठवलेल्या पत्रात!

पण हे पत्र वाचताना एक भान ठेवायला हवं. ती डायरी नाहीये, बचावाचं निवेदन आहे (भानगड प्रश्न ११ मध्ये). तिला दाखवायचं होतं की ज्ञानाची ओढ मला देवानंच लावली, मी काय करू, आणि लहानपणचे किस्से तिनं त्यासाठी निवडून मांडलेत, एखादी चांगली वकील मांडेल तसे. खोटे आहेत असं नाही, पण सगळे एकाच दिशेला जातात. सिरियलवाले ते जसेच्या तसे उचलतात आणि आपण चरित्र म्हणून बघतो.

९. ती लेस्बियन होती का? सिरियलमध्ये तर सरळच दाखवलंय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हो, सिरियलनं स्पष्ट बाजू घेतलीय.

ठामपणे जे सांगता येतं ते असं. दोन व्हाइसरॉयच्या बायका तिच्या आयुष्यात महत्त्वाच्या. पहिली लेओनोर कारेतो (सिरियलमध्ये लिसा ओवेन), जिच्या दरबारात ती वाढली, आणि जिच्या मृत्यूवर ह्वानानं तिला ‘लाउरा’ म्हणत सुंदर सॉनेट्स लिहिली. दुसरी मारिया लुईसा, पारेदेसची काउंटेस (योलांदा कोरालेस), १६८० ला आली. तिच्यावर ‘लिसी’, ‘फिलिस’ अशा नावांनी कितीतरी कविता आहेत आणि त्या गार नाहीत, त्यात ओढ आहे, विरह आहे, सौंदर्याचं वर्णन आहे. हिच मारिया लुईसा ह्वानाची हस्तलिखितं स्पेनला घेऊन गेली आणि १६८९ ला माद्रिदमध्ये तिचं पहिलं पुस्तक छापवलं. तिनं १६८२ ला आपल्या नात्यातल्या एका डचेसला लिहिलेलं पत्र अलीकडं प्रसिद्ध झालंय, त्यात सान हेरोनिमोमधल्या एका अफाट हुशार ननला भेटायला जाणं हा इथला मोठा आनंद आहे अशा अर्थाचं लिहिलंय.

दुसरी बाजू अशी की आश्रयदात्या राणीसाहेबांवर प्रेमाच्या भाषेत कविता करणं ही त्या काळची रीतच होती. मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पाझनं (तोच, जो १९६२ ते ६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता) तिच्यावर जाडजूड अभ्यास लिहिलाय, त्याचं म्हणणं साधारण असं की भावना खऱ्या होत्या, पण शारीरिक काही होतं असं म्हणायला आधार नाही.

माझं मत विचाराल तर कविता वाचून ‘ही नुसती रीत आहे’ असं म्हणवत नाही. पण जाळीमागच्या दोघींमध्ये चुंबन झालं का हे सिरियल ठरवू शकते, इतिहास नाही. आणि प्रेमकथेच्या नादात पुस्तक छापून आणणं हा मारिया लुईसानं केलेला सगळ्यात मोठा उपकार मागं पडतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. ते झालं नसतं तर आज वाचायला किती राहिलं असतं?

१०. फादर नुन्येझ खरंच इतका व्हिलन होता का?

अंतोनियो नुन्येझ दे मिरांदा, जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) पाद्री, तिचं कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकणारा. हेर्नान देल रिएगोनं काम इतकं भारी केलंय की तो फ्रेममध्ये आला की आपली मान आखडते. त्यानं तिला मठात जायला मदत केली, ती नन झाली तेव्हाच्या सोहळ्यात पुढाकार घेतला. त्याला वाटलं पोरगी आता कविता सोडेल. तिनं सोडल्या नाहीत. मग तो शहरभर तिची निंदा करत फिरला.

पण सिरियलमध्ये ती बरीचशी सोसणारी वाटते, खऱ्यात तिनं त्याला काढून टाकलं होतं. १६८२ च्या आसपास तिनं त्याला पत्र लिहिलं, ज्याची प्रत १९८० ला मॉन्तेरेमध्ये सापडली, आणि ते पत्र वाचून उडायला होतं. थोडक्यात असं की, मी काय तुमची मुलगी की गुलाम? बायकांनी शिकू नये हे कुठं लिहिलंय? माझ्या मोक्षाची एवढी काळजी असेल तर प्रार्थना करा, मी दुसरे फादर शोधते. त्यानंतर दहाएक वर्षं त्याचा संबंध नव्हता. शेवटी तो परत आला, त्याबद्दल प्रश्न १२. तो गेला १६९५ च्या फेब्रुवारीत, तिच्या दोन महिने आधी.

११. ते पत्रांचं प्रकरण डोक्यावरून गेलं. सोर फिलोतेआ कोण?

कुणीच नाही, तीच गंमत आहे.

व्हिएरा नावाच्या पोर्तुगीज जेझुइटनं १६५० मध्ये एक प्रवचन दिलं होतं, येशूच्या प्रेमाची सगळ्यात मोठी खूण कुठली यावर. ह्वानानं त्यातला युक्तिवाद मोडून काढला, आधी बोलण्यात, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लिहून. पुएब्लाच्या बिशपनं, फर्नांदेझ दे सान्ता क्रूझ, ते १६९० ला तिला न विचारता छापलं, आणि वर स्वतःचंच एक पत्र जोडलं, ‘सोर फिलोतेआ’ अशा खोट्या ननच्या नावानं, की बाई तू हुशार आहेस, पण आता जरा धर्मग्रंथांकडं लक्ष दे. म्हणजे तिचंच लेखन छापायचं आणि त्याच पुस्तकात तिलाच उपदेश करायचा. तिला कोण लिहितंय हे अर्थातच माहीत होतं. तिनं उत्तर दिलं ते त्या काल्पनिक ननलाच, ‘ताई, आपण दोघी बायका’ अशा सुरात, आणि त्या आडोशानं बायकांनी शिकावं याची अख्खी केस मांडली. ते हे प्रश्न ८ मधलं पत्र.

बिशपनं हे का केलं? पाझचा अंदाज असा की खरा नेम मेक्सिकोच्या आर्चबिशपवर होता. तो आगियार इ सेइहास, व्हिएराचा चाहता आणि बायकांचा कमालीचा तिटकारा असलेला, इतका की त्याच्या चरित्रकारानं ते गुण म्हणून लिहिलंय. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, सिरियल मात्र या दिशेला झुकते.

१२. शेवटी इन्क्विझिशननं तिला शिक्षा दिली का? रक्तानं सही, पुस्तकं विकणं, ते काय?

इन्क्विझिशननं, म्हणजे धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या कोर्टानं, तिच्यावर खटला कधीच चालवला नाही. भीती होती, तिनं स्वतः लिहिलंय की मला त्या लोकांशी भानगड नको. पण शेवट झाला तो कोर्टात नाही.

मारिया लुईसा १६८८ ला स्पेनला परत गेलेली. १६९२ च्या जूनमध्ये मक्याची टंचाई होऊन मेक्सिको सिटीत दंगल उसळली, राजवाडा जाळला, व्हाइसरॉयची पत गेली आणि आर्चबिशपचं वजन वाढलं. म्हणजे पाठीशी असलेले सगळे एकेक करून संपले. १६९३ च्या सुमारास नुन्येझ परत आला. तिनं पुस्तकं आणि वाद्यं गरिबांसाठी विकायला दिली, १६९४ ला रक्तानं सही करून श्रद्धेची शपथ घेतली, आणि मठाच्या वहीत स्वतःला ‘जगातली सगळ्यात वाईट’ लिहिलं.

आता दोन गोष्टी सिरियल बघताना सुटतात. रक्तानं सही किंवा ‘मी सगळ्यात पापी’ हे त्या काळच्या मठांमधलं ठरीव लिखाण होतं, कुणी बंदूक लावून लिहून घेतलं असं समजू नका. (आपले संत नाही का स्वतःला पतित म्हणवून घेत.) आणि दुसरं, लिहिणं पूर्ण थांबलं असंही दिसत नाही. शेवटच्या वर्षांतच तिनं पोर्तुगालच्या नन्ससाठी कोड्यांचा एक संच रचला. मृत्यूनंतर खोलीत पुस्तकं आणि कागद सापडल्याची यादी पण पुढं आलीय. म्हणून ती मोडली, की तिनं वरवर मान तुकवली, की खरंच मन बदललं, यावर आजही भांडणं होतात. मला दुसरं पटतं.

१७ एप्रिल १६९५ ला ती साथीत गेली, मठातल्या आजारी बहिणींची सेवा करताना.

१३. जन्म १६४८ की १६५१? सगळीकडं वेगळं दिसतं.

१६५१ हे कायेखाच्या चरित्रातलं. १६४८ हे बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून, त्यात ‘इनेस, चर्चची मुलगी’ असं आहे, म्हणजे लग्नाबाहेरची. ती नोंद हिचीच असं बरेच जण मानतात. या एका फरकानं मजा होते: १६४८ धरलं तर दरबारातली ती चमत्कारी पोर जरा मोठी ठरते.

१४. आपल्याकडं अशी कुणी होती का? गोव्यात तर नन्स होत्या.

जुन्या गोव्यात सान्ता मोनिकाचं कॉन्व्हेंट १६०६ पासून होतं, आशियातलं नन्सचं सगळ्यात जुनं मोठं कॉन्व्हेंट म्हणून सांगतात, इमारत आजही आहे, बघून या. सिरियलमधल्या मठाचा अंदाज तिथल्या भिंती बघून बरा येतो.

पण कवयित्री म्हणून मला आठवते ती संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या (चौधरी नव्हे, त्या फार नंतरच्या). साधारण १६२८ ते १७००, म्हणजे जवळपास ह्वानाच्याच काळातली. तिनंही स्वतःचं आयुष्य स्वतः सांगितलंय, अभंगांतून, नवऱ्याच्या मारासकट. बाईला वेद ऐकायला मिळत नाहीत ही खंत तिच्याकडं आहे. फरक असा की ह्वानाला दार बंद करून बसायला एक खोली मिळाली होती.

१५. सिरियल संपली, आता तिचं काय वाचू?

सुरुवात ‘मूर्ख पुरुषांनो’ अशी हाक मारणाऱ्या कवितेनं करा. आरसा तुम्हीच धूसर करता आणि तोच स्वच्छ नाही म्हणून ओरडता, असा तिचा सूर आहे, आणि शेवटाकडं विचारते की जास्त दोषी कोण, पैशासाठी पाप करणारी की पापासाठी पैसे मोजणारा. इंग्रजीत भाषांतरं सहज मिळतात. मग प्रश्न ८ मधलं पत्र. ‘पहिलं स्वप्न’ ही ९७५ ओळींची कविता शेवटी ठेवा: रात्री शरीर झोपतं आणि बुद्धी सगळं विश्व समजून घ्यायला वर चढते, दमते, परत प्रयत्न करते. अवघड आहे. ती स्वतः म्हणते की मी फक्त हीच एक माझ्या आवडीनं लिहिली, बाकी सगळं लोकांच्या सांगण्यावरून.

१६. मेक्सिकोला चाललोय, तिच्याशी संबंधित काय बघू?

सान हेरोनिमोचा मठ मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात आहे आणि आता तिथं तिच्याच नावाची युनिव्हर्सिटी चालते, म्हणजे जिथं तिला शिकायला बंदी घालायचे तिथं आता पोरं परीक्षा देतात. वेळ असेल तर गावाबाहेर ज्वालामुखींच्या पायथ्याशी नेपान्तला, तिचं जन्मगाव, आणि जवळच आमेकामेकाला ती लहानपणी राहिली ते पानोआयान. आणि २०२० नंतरची शंभर पेसोची नोट हातात आली तर नीट बघा, तिच्यावर हीच आहे.